विचारायला कुणीतरी हवं

विमान रंगवणं हा एक छंद आहे आणि त्यात खरं विमान कुठेच नसतं. संगणकावर विमान उडवण्याचा जो खेळ असतो, ज्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, त्यातल्या विमानाच्या पोकळ सांगाड्यावर एक सपाट चित्र चढवलेलं असतं. शिंप्याने बेतून कापलेले तुकडे टेबलावर पसरून ठेवावेत तसं ते दिसतं: एका कोपऱ्यात शेपूट, मध्ये पोटाची लांब पट्टी, कुठेतरी इंजिनांची वेष्टणं. हे चित्र बदललं की विमान बदलतं. पांढऱ्याफटक जंबोवर खिडक्यांभोवती लाल झरोके काढले, शेपटीवर धनुर्धारी सेंटॉर काढला, की ते एअर इंडियाचं ७४७ होतं. या कामाला छंदवाले रिपेंट म्हणतात. मी गेली वीस वर्षं रिपेंट करते. पोटापाण्याचं काम बंगालीतून मराठीत अनुवाद करण्याचं. हे त्यानंतरचं, रात्रीचं.

एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली आलं. आकाशातला राजवाडा अशी त्याची जाहिरात होती आणि म्हणून प्रत्येक खिडकीला महिरप होती. ती महिरप पडद्यावर काढताना कळतं, की तिची कमान दिसते तितकी सोपी नाही. ती जरा पसरट झाली की चर्चची खिडकी वाटते, जरा टोकदार झाली की लग्नपत्रिकेवरची वेलबुट्टी. या छंदात माझ्यासारख्यांचा ओढा बहुधा गेलेल्या गोष्टींकडे असतो. वायुदूत, ईस्ट-वेस्ट, दमानिया, आणि एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणं थांबवलेली जेट एअरवेज. यांची खरी विमानं दुसऱ्याला विकली गेली, दुसरा रंग लावून उडाली, नाहीतर भंगारात गेली. त्यांचे रंग आता छायाचित्रांत आणि असल्या फायलींमध्ये आहेत.

मी ज्या प्रोग्रामात हे करते तो २००२ सालचा आहे. २००४ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून पुठ्ठ्याच्या खोक्यात आणला. आत एक सीडी आणि उशाला घेता येईल इतकं जाड पुस्तक. आज चित्रं संपादायला जिम्प आहे, क्रिटा आहे, दोन्ही मोफत आणि खुले. दोन्ही चांगले आहेत. तरी मी जुन्याकडेच जाते, आणि याचं कारण मी बराच काळ स्मरणरंजन समजत होते. ते तसं नाही. झरोक्याची एक कमान काढून तिची रांग लावायला माझ्या दोन्ही हातांना जे करावं लागतं ते आता मला शब्दांत सांगता येत नाही. कुणी विचारलं तर मला प्रोग्राम उघडून, हात फिरवून, मग बघून सांगावं लागतं की मी कुठली कळ दाबली. हे हातातलं शहाणपण माझं आहे. कुणी शिकवलेलं नाही, कुणी विकलेलं नाही. पण ते राहतं त्या प्रोग्रामच्या घरात, आणि घर माझं आहे की नाही याबद्दल मतभेद आहेत.

संगणक मात्र जुना राहत नाही. तो बिघडतो, बॅटरी फुगते, बिजागरी तुटते. नवा लॅपटॉप घेतला की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे सीडी घालायला फटच नाही. बाहेरून जोडायची सीडी ड्राइव्ह आणावी लागते. मग आतला घोळ सुरू होतो. आजचा विंडोज ६४-बिट असतो. जुने बरेच प्रोग्राम ३२-बिट असतात आणि ते त्यावर चालतात, कारण विंडोजने त्यांच्यासाठी आत एक वेगळा वाडा राखून ठेवलेला आहे. पण त्याहून जुने १६-बिट प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. आता गंमत अशी, की नव्वदच्या दशकातले कित्येक प्रोग्राम स्वतः ३२-बिट असले तरी त्यांना संगणकावर बसवून देणारा छोटा प्रोग्राम, इन्स्टॉलर, १६-बिट असायचा. माणूस घरात राहायला पात्र, पण दारातून आत आणणारा अपात्र. विंडोज बनवणाऱ्यांनी यावरही तोड काढली: काही ओळखीच्या जुन्या इन्स्टॉलरांची चाहूल लागली, की ६४-बिट विंडोज त्यांच्या जागी गुपचूप स्वतःकडचा ३२-बिट इन्स्टॉलर उभा करतो.

दुसरी अडचण डोळ्यांची. २००२ मधले पडदे आणि आजचे पडदे यांत इतका फरक पडलाय, की जुन्या प्रोग्रामातली चिन्हं नव्या पडद्यावर बाजरीच्या दाण्याएवढी दिसतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हा फरक जास्त जाणवतो. प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी कळ दाबून, ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन, ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर आकार मोठा करण्याचं काम विंडोजकडे सोपवावं लागतं. मग सगळं मोठं दिसतं, किंचित धूसर दिसतं, आणि काम चालतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत आवडते. जुन्या प्रोग्रामांपैकी काही, भरपूर मेमरी असलेल्या संगणकावर टाकले, की मेमरी कमी आहे म्हणून सुरू व्हायला नकार देतात. कारण साधं आहे. ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याने मेमरी मोजायला ३२ बिटांचा खण ठेवला होता. त्यात धन आणि ऋण दोन्ही मांडायचे तर मोठ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. मोजमाप त्यापुढे गेलं की आकडा उलटून ऋण होतो. म्हणजे सोळा गिगाबाइटच्या यंत्रावर बसलेला प्रोग्राम म्हणतो, इथे काहीच नाही. समृद्धी त्याच्या मापट्यात मावत नाही म्हणून त्याला ती दारिद्र्य दिसते.

त्याच ‘कम्पॅटिबिलिटी’च्या पानावर आणखी एक सोय आहे: हा प्रोग्राम विंडोज एक्सपीवर चालतो आहे असं भासव. ती निवडली की जुना प्रोग्राम विचारतो, हे कुठलं विंडोज? आणि नवा संगणक उत्तर देतो, एक्सपी. हे खोटं आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्याइतकीही आडवळणं त्यात नाहीत, सरळ सरळ खोटं. पण ते ज्याच्याशी बोललं जातं त्याच्या सोयीसाठी बोललं जातं, आणि त्याने कुणाचा रथ जमिनीला टेकत नाही. गावाहून आलेल्या आजोबांना घरात अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांच्यापुरता पाट मांडावा, आपण टेबलावर जेवत असलो तरी, तसलं हे आदरातिथ्य आहे.

संगणकशास्त्राच्या इतिहासात या आदरातिथ्याची एक गोष्ट आहे. जोएल स्पोल्स्की या लेखकाने २००० मध्ये ती सांगितली. सिमसिटी नावाचा शहर वसवण्याचा खेळ होता. त्यात एक चूक होती: वापरून झालेली मेमरी परत केल्यावरही तो तीच मेमरी पुन्हा वाचायचा. खोली सोडल्यावर पुन्हा आत शिरून कपाटातून काहीतरी काढून न्यावं तसं. जुन्या विंडोजमध्ये सोडलेली खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नसे, म्हणून चूक कधी उघडी पडली नाही. विंडोज ९५ मध्ये खोली ताबडतोब दुसऱ्याला मिळू लागली आणि खेळ कोसळला. तेव्हा मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांनी त्या खेळाची चूक शोधून काढली आणि विंडोज ९५ मध्ये खास तरतूद केली: सिमसिटी चालू असेल तर खोल्या लगेच रिकाम्या करायच्या नाहीत. खेळ दुसऱ्याचा, चूक दुसऱ्याची. यांत व्यापारी हिशेब होता हे उघड आहे. लोकांचा जुना खेळ चालला नाही तर ते नवं विंडोज घेणार नाहीत. तरीही मला या गोष्टीत काहीतरी सभ्य दिसतं. घरातली जुनी खेळणी चालू राहावीत, ही वापरणाऱ्याची अपेक्षा रास्त आहे असं तिथे कुणीतरी धरून चाललं होतं.

याच्या उलट बाजूची गोष्ट अडोबीची आहे. २००५ साली तिच्या क्रिएटिव्ह स्वीटची दुसरी आवृत्ती, सीएस-२, आली; फोटोशॉप त्यातलंच. हा माल विकत घेतलेला असे, भाड्याचा नव्हे. पण तो संगणकावर बसवला, की त्याला कंपनीच्या सर्व्हरला विचारावं लागे: मला उघडू का? सर्व्हर म्हणे, उघड. नवा संगणक घेतला की पुन्हा विचारायचं. २०१३ च्या सुमारास हा उत्तर देणारा सर्व्हर कंपनीने बंद केला. आता विकत घेतलेला प्रोग्राम नव्या संगणकावर विचारत राहणार आणि पलीकडे कुणीच नाही. कंपनीने त्यावर उपाय म्हणून न विचारता उघडणारी प्रत आणि तिचे क्रमांक एका पानावर ठेवले. बातमी जगभर झाली: फोटोशॉप मोफत! कंपनीने खुलासा केला, की हे फक्त ज्यांनी रीतसर घेतलं होतं त्यांच्यासाठी आहे. तोवर कितीतरी लोकांनी ते उतरवून घेतलं होतं, आणि रिपेंट करणाऱ्यांच्या जगात ‘ती २०१३ ची प्रत’ हा एक ओळखीचा, जरा खाली मान घालून उच्चारायचा विषय झाला. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने जाहीर केलं, की यापुढच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतील.

ज्यांनी विकत न घेता ती प्रत घेतली त्यांचं समर्थन एका वाक्याचं असतं. कुणाचं काय नुकसान झालं? आठ वर्षं जुना माल, दुकानात मिळत नाही, बनवणाऱ्याला त्यातून एक रुपयाही यायचा नव्हता. हे वाक्य मला फार जवळून ठाऊक आहे, कारण अनुवादाच्या धंद्यात ते रोज ऐकू येतं. मूळ लेखक आसामीत लिहितो, अनुवाद मराठीत, दिवाळी अंकात, मानधन जेमतेम. लेखकाला न विचारता छापलं तर त्याचं काय गेलं? उलट त्याला चार वाचक मिळाले. हे ऐकताना मला नेहमी वाटतं, की नुकसानीचा हिशेब बरोबर आहे आणि तरी काहीतरी चुकतंय. विचारणं ही नुकसानभरपाई नसते. विचारताना आपण मान्य करतो, की ही गोष्ट कुणीतरी केली आहे आणि तो कुणीतरी अजून पलीकडे आहे. न विचारणाऱ्याने त्याचे पैसे घेतले नसतील, पण त्याला नसल्यासारखं धरलं.

रिपेंट करणाऱ्यांना हे फार चांगलं समजतं. ज्या विमानावर आपण रंग देतो त्याचा सांगाडा दुसऱ्याने, बहुधा फुकट, कित्येक महिने खपून बनवलेला असतो. तो सोबत एक पेंट किट देतो: थरांची फाइल, त्यात पत्र्यांचे सांधे एका थरावर, रिव्हेटी दुसऱ्यावर, सावली तिसऱ्यावर, तेलकट डाग चौथ्यावर. आपण आपला रंग या थरांच्या खाली घालायचा. आणि सोबत एक लहानशी मजकुराची फाइल असते, तिचं नाव ‘रीडमी’. मला वाचा. तिच्यात लिहिलेलं असतं: विकू नका, माझं नाव ठेवा, दुसऱ्यांना वाटायचं असेल तर आधी मला कळवा. या फायलींना कायद्याचा धाक जवळजवळ नाही. छंदासाठी कोर्टात कोण जाणार? तरी त्या पाळल्या जातात. कुणी दुसऱ्याचा डागांचा थर उचलून स्वतःच्या नावावर खपवला तर त्याची जी शोभा होते ती साहित्यातल्या वाङ्मयचौर्याच्या प्रकरणांत मी क्वचितच पाहिली आहे. आपल्याकडे तर कधी कधी पुरस्कारही मिळतो.

मग असं असताना हीच माणसं २०१३ ची ती प्रत का वापरतात? दांभिकपणा म्हणून सोडून देता येईल, पण मला ते तसं वाटत नाही. रीडमी लिहिणारा माणूस पत्ता देतो. त्याला पत्र लिहिलं की उत्तर येतं, कधी ‘हो’, कधी ‘नको’, कधी ‘झरोके छान झालेत’. विचारणं शक्य असतं म्हणून न विचारणं हा अपराध ठरतो. ज्या सर्व्हरला विचारायचं तोच बंद करून टाकला तर ‘विचारल्याशिवाय उघडू नका’ या आज्ञेत काय उरतं? माझं म्हणणं इतकंच आहे: परवानगी मागायला लावण्याचा हक्क आणि परवानगी द्यायला हजर राहण्याचं कर्तव्य ही जोडी आहे. दुसरं टाकून पहिलं ठेवता येत नाही. अडोबीने किमान ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्यासाठी कडी काढून ठेवली. त्या धंद्यात एवढंही सगळे करत नाहीत. पण ती कडी काढणं हे औदार्य मानलं गेलं, आणि माझ्या मते ते कर्जफेड होतं.

उतरवून घेणाऱ्यांना यातून सूट मिळते का? पूर्ण नाही. ज्याने कधीच काही घेतलं नव्हतं त्याच्याशी कंपनीने कुठला करारही केला नव्हता. त्याच्यासाठी दार बंद झालं असं म्हणता येत नाही, कारण तो दारापर्यंत गेलाच नव्हता. पण ज्याच्याकडे खोकं होतं, ज्याने पावती हरवली, ज्याला आता स्वतःची मालकी सिद्ध करता येत नाही, अशाला मी चोर म्हणणार नाही.

पुस्तकांच्या बाबतीत आपल्या कायद्याने हा पेच ओळखला आहे, हे अनुवादकांनाही फारसं माहीत नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ३२ वं कलम सांगतं, की साहित्यकृती प्रथम प्रसिद्ध झाल्यावर सात वर्षं उलटली आणि आपल्या भाषेत तिचा अनुवाद उपलब्ध नसला, तर अनुवादाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. अट अशी, की आधी हक्कधारकाकडे परवानगी मागितलेली असावी आणि ती नाकारली गेली असावी, किंवा रीतसर शोध घेऊनही तो सापडला नसावा. शिवाय त्याच्यासाठी मानधन बाजूला काढायचं. मला या कलमाची रचना आवडते. मौन म्हणजे होकार असं ते म्हणत नाही, मौन म्हणजे कायमचा नकार असंही नाही. आधी दार वाजवा, थांबा, मग वाटा बाजूला ठेवा आणि आत जा. संगणकाच्या प्रोग्रामबद्दलही त्याच कायद्यात, ५२ व्या कलमात, रीतसर प्रत बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामाला वापरता यावी म्हणून तिची नक्कल किंवा रूपांतर करायची मुभा आहे. कागदावर आहे. कुलूप घातलेल्या प्रोग्रामपुढे ती मुभा घेऊन उभं राहिलेल्या माणसाला किल्ली कोण देणार, हे त्यात नाही.

वर्गणीला मी सरसकट वाईट म्हणत नाही. आपल्याकडे ती जुनी आहे. गावचा सुतार आणि लोहार शेतकऱ्याचं नांगर-कुळवाचं काम वर्षभर बघत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेत, हेच बलुतं. यात वर्षभर हजर राहण्याची हमी होती. त्या व्यवस्थेचं कौतुक करण्याचा मोह कुणाला झाला तर त्याने दया पवारांचं १९७८ चं ‘बलुतं’ वाचावं. हजर राहण्याची सक्ती कुणावर आणि कोणत्या किमतीला होती हे त्यात दिसतं. माझा मुद्दा छोटा आहे. वाटा थकला म्हणून सुतार दुरुस्ती थांबवील, पण नांगर शेतकऱ्याच्या अंगणातच राहायचा. आजच्या वर्गणीत हप्ता थांबला की नांगरच नाहीसा होतो, आणि नांगर धरायची हाताची सवय तेवढी मागे राहते.

आता दुसरी बाजू, जी माझ्या मैत्रिणी मला ऐकवतात आणि ज्यात तथ्य आहे. जुना प्रोग्राम सांभाळायला माणसं लागतात. वीस वर्षांपूर्वीच्या खेळाची चूक झाकण्यासाठी आजच्या कुणीतरी रात्र जागवावी अशी अपेक्षा मी ठेवते तेव्हा त्या माणसाच्या रात्रीचा भाव मी धरलेला नसतो. सुरक्षिततेचा प्रश्नही खरा आहे. जुन्या प्रोग्रामातल्या भेगा बुजवायला आता कुणी नाही, म्हणून अनोळखी फाइल त्यात उघडू नये हेच शहाणपण. मला हे सगळं मान्य आहे. सांभाळा, असं माझं मागणंच नाही. रस्त्याची डागडुजी थांबवायची तर थांबवा, खड्डे आमचे आम्ही बघू. रस्त्यावर भिंत मात्र बांधू नका.

आणि त्या जुन्या प्रोग्रामला मी निर्मळ समजावं असंही नाही. त्याला माझी भाषा येत नाही. एअर इंडियाच्या विमानावर एका बाजूला नाव रोमन लिपीत आणि दुसऱ्या बाजूला नागरीत असे. रोमन नाव मी दोन मिनिटांत टाईप करते. नागरी टाईप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त लटकतो. ज्यांनी तो बनवला त्यांच्या कल्पनेत अक्षरं मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक लागत; एखादं चिन्ह उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येतं, हे त्यांना सुचलं नाही. आपल्या छापखान्यांनी त्या काळी यावर खास फाँट काढून वाट शोधली होती, ज्यात वेलांटी हे नुसतं एक चित्र असे आणि ती आधी टाईप करायची असे. मी तेही करत नाही. नागरी नाव मी छायाचित्र समोर ठेवून रेघेरेघेने काढते. शिरोरेषा आधी, मग दांडे, मग वळणं. या कामाला एक अख्खी संध्याकाळ जाते आणि खरं सांगायचं तर ती मला आवडते, पण या आवडीमुळे प्रोग्रामचं अडाणीपण माफ होत नाही. आज नागरी नीट लिहिणारे प्रोग्राम आहेत, ते कुणीतरी बनवले म्हणून आहेत, आणि मी जर जगातल्या प्रत्येकाला २००२ मध्ये थांबायला लावलं असतं तर ते झाले नसते.

माझ्या टेबलावर उजव्या हाताला मोल्सवर्थचा कोश असतो. १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. मी वापरते ती तिचीच पुनर्मुद्रित प्रत. तोही जुना प्रोग्रामच. त्यालाही माझ्या काळाची मराठी येत नाही आणि काही शब्दांचे अर्थ देताना त्याचे जातिविषयक पूर्वग्रह उघडे दिसतात. मी त्याच्याशी भांडत भांडत तो वापरते. पण पान उलटताना तो मला कधी विचारत नाही, की तुम्ही अजून तेच गिऱ्हाईक आहात ना? खंडेनवमीला मी त्याच्यावर आणि लॅपटॉपवर झेंडूचं एकेक फूल ठेवते. लॅपटॉपमधलं नेमकं काय माझं आहे, हा प्रश्न फूल ठेवताना आड येत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं एक ७४७, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून अखेरचं उडालं. उडताना त्याने पंख हलवून निरोप घेतला. ती चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्यानंतर मी ते विमान रंगवायला घेतलं. पाच महिने लागले. झरोके, नोंदणीची अक्षरं, नागरी नाव, पोटाखालची काजळी. ज्या सांगाड्यावर ते केलं त्याच्या रीडमीत म्हटलं आहे, की वाटण्याआधी मला कळवा. फाइल २००९ ची आहे. तीत दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवलं ते परत आलं. त्याच माणसाच्या एका दुसऱ्या विमानाच्या फायलीत वेगळा पत्ता सापडला. तिथे पाठवलेलं परत आलं नाही, त्याला उत्तरही आलेलं नाही. चार ओळखीच्या रिपेंटवाल्यांना विचारलं. एकाला वाटतं तो कॅनडात होता, एकाला वाटतं तो गेला.

या लेखात मी जे म्हटलं त्यानुसार आता मला मोकळीक आहे असं कुणी म्हणेल. असेलही. पण सर्व्हर बंद करणारा हा माणूस नव्हे. तो कदाचित आजारी असेल, कदाचित त्याला या छंदाचा कंटाळा आला असेल. कलम ३२ मध्ये सात वर्षं लिहिली आहेत, रीडमीत काहीच आकडा नाही. दिवाळीच्या आधी मी त्याला आणखी एक पत्र लिहिलं आणि सोबत शेपटीचं एक चित्र जोडलं. रिपेंट अजून माझ्याच संगणकावर आहे.